चार पाकिटं वह्यांची

"तेवीस, चोवीस," शेवटचं पाकीट हातात तोलून खाली ठेवत मोजणी म्हणाली. "चोवीस पाकिटं मासळी. वह्यांचं एकही नाही."

शीतगृहाच्या त्या खोलीत तिघांचेही दात वाजत होते. मोजणीचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत उरलं होतं. जिन्याच्या पायऱ्यांपासून ताटातल्या वाटाण्यांपर्यंत दिसेल ते ती मोजायची. तिच्या मागे तिचा धाकटा भाऊ. तो कायम तिच्या मागेच असे, म्हणून शेपूट. तिसरा प्राचार्य, वय वर्षं तेरा. तो शाळेत जात नसे, त्याची आई त्याला घरीच शिकवायची. ज्या शाळेत विद्यार्थी एकच, तिथला प्राचार्यही तोच, असं गल्लीनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

पूर ओसरून नऊ दिवस झाले होते. शाळांना सुट्टी होती. मोजणीचं दप्तर वाहून गेलं, पण तिचे मार्क शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये सुखरूप होते. प्राचार्याची अख्खी शाळा मात्र एका कपाटात होती, आणि ते कपाट दोन दिवस पाण्यात उभं होतं. शुक्रवारी परीक्षा मंडळाच्या तपासनीस बाई येणार होत्या. त्या दोन वर्षांच्या वह्या बघणार, तरच त्याला परीक्षेला बसता येणार. वह्या नाहीत, तर वर्ष गेलं.

गल्लीत पुस्तकबांधणी करणाऱ्या आजोबांनी ओल्या वह्यांवर उपाय सांगितला होता. "गोठवून ठेवा, म्हणजे बुरशी धरणार नाही. मग एकेक काढून सावकाश वाळवा." मुलांनी दीड-दीड किलोचे चार गठ्ठे बांधून शीतगृहात आणले, आणि तिथल्या मुकादमांनी मोठ्या मनानं पिशव्या दिल्या. मासळीच्याच, निळ्या. आज सोमवारी वाळवायला सुरुवात करायची, तर गठ्ठे गायब.

"काल तर इथेच होते," मुकादम कान खाजवत म्हणाले. "आता पाय फुटले असतील, तर मी काय करू?"

मोजणीचं लक्ष भिंतीवरच्या फळ्याकडे होतं. मासळी, एकूण तीस. आज मदतछावणीला दहा.

"काका, तिसातून दहा गेली तर वीस राहायला हवीत. इथे चार जास्त आहेत."

"दहाच गेली. मी स्वतः टेम्पोत चढवली."

"मग त्यातली चार वह्यांची होती."

"अगं, वीस वर्षं हे काम करतोय मी. डोळे मिटून मासळी ओळखतो."

"मिटलेच असतील," शेपूट म्हणाला.

प्राचार्य केव्हाच दाराबाहेर पडून धावत सुटला होता.

मदतछावणी व्यायामशाळेत होती. मागच्या दाराशी आचारी हातात कात्री घेऊन उभे होते. शेजारी कोमट पाण्यानं भरलेला भलामोठा टब, आणि टेबलावर दहा निळी पाकिटं, बर्फानं पांढरी झालेली. एकासारखं दुसरं. ती फोडून टबात पडली असती, तर दोन वर्षांचा लगदा झाला असता.

"थांबा काका, यात माझ्या वह्या आहेत," प्राचार्य धापा टाकत म्हणाला.

"आणि भातात माझा चष्मा आहे," आचारी म्हणाले. "पळा इथून. स्वयंपाकघरात मुलांना बंदी आहे. दोनशे माणसं जेवायची आहेत."

प्राचार्याचा चेहरा उतरला. त्याच्या मागोमाग पोचलेल्या मोजणीनं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे तिनं ओळखलं.

"जातो काका," ती शांतपणे म्हणाली. "फक्त एक सांगते. यातली चार पाकिटं वजनाला कमी भरतील. दोन किलो छापलंय ना वर? पैज लावते."

कात्री हवेत थांबली. "मला कमी माल? कोणाची हिंमत आहे? अरे, काटा आणा रे."

पहिलं पाकीट दोन किलो. दुसरं दोन किलो. तिसरं मात्र दीडच. आचाऱ्यांच्या भुवया कपाळात गेल्या. त्यांनी त्या पाकिटाचं तोंड कापलं आणि ते आत डोकावले. बर्फाखाली निळ्या शाईतला एक त्रिकोण दिसत होता.

"हा कुठला मासा?"

"भूमिती," प्राचार्य म्हणाला, आणि त्यानं पाकीट टबापासून लांब ओढलं.

चार पाकिटं बाजूला निघाली. आचाऱ्यांनी व्यायामशाळेचा एक कोपरा आणि दोन पंखे देऊन टाकले. मुकादम चार पाकिटं मासळी घेऊन आले, ते खाली मान घालूनच. मग चार दिवस छावणीतली माणसं पानापानांमध्ये कोरे कागद घालत आणि ओले झाले की बदलत बसली. सगळ्यात जास्त पानं मुकादमांनी वाळवली. या वेळी डोळे उघडे ठेवून.

शुक्रवारी तपासनीस बाई आल्या. वह्या फुगल्या होत्या, काही पानांवर शाई पसरली होती. अशा प्रत्येक पानावर बाई थांबल्या, आणि प्रत्येक वेळी प्राचार्यानं ते गणित फळ्यावर पुन्हा सोडवून दाखवलं. दोन तास गेले. काकू, म्हणजे प्राचार्याची आई आणि सगळ्या विषयांची शिक्षिका, भिंतीला टेकून उभ्या होत्या. पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा त्या रडल्या नव्हत्या, आता मात्र पदरानं डोळे पुसत होत्या.

"मी पुष्कळ शाळा तपासल्या," बाई शेवटी म्हणाल्या. "पण शाळेच्या बाहेरच्या मुलांनी शाळा वाचवली, असं पहिल्यांदाच बघतेय. शाबास, तुम्हा दोघांची."

शेपूट आयुष्यात पहिल्यांदा बहिणीच्या पुढे येऊन उभा राहिला.

बाईंनी शेवटच्या पानावर सही केली आणि वही मिटायला घेतली. तोच काकू लगबगीनं पुढे झाल्या आणि त्यांनी पानावर हात आडवा धरला.

"जरा थांबा बाई," त्या म्हणाल्या. "शाई ओली आहे. वाळू दे."