एका चौकोनातला एकच माणूस

प्रिंटरमधून माझाच लेख बाहेर पडत होता, आणि एकेक पान उचलत होता आमचा नवा शिरगणतीवाला!

मी दारातच थिजले. आमच्या डेटा टीममध्ये कागदावर कुणी काही छापत नाही. त्यातून हा प्राणी तीन आठवड्यांपूर्वी नोकरीला लागलेला, दिवसभर लोकसंख्येच्या तक्त्यांत बुडालेला... आणि मी दिवसभर त्याच्याकडे बघणारी. लग्न झालंय का याचं? विचारायचं कुणाला? आमच्याकडे एकाला विचारलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना कळतं.

"तुमचाच ना हा?" त्याने विचारलं.

"हो... पण छापताय कशाला?"

"नीट वाचायला. उद्याच्या यादीसाठी मी हाच निवडलाय."

दर वर्षाच्या शेवटी आमची टीम भूगोल आणि लोकसंख्येवरच्या आपल्या आवडत्या लेखांची यादी प्रसिद्ध करते. प्रत्येकाने दुसऱ्या कुणाचा तरी एक लेख निवडायचा. पाच वर्षांत माझा एकही आला नव्हता! मला तिथेच उडी मारावीशी वाटली. लेख होता एकट्या राहणाऱ्या माणसांवर, आणि सोबत मी केलेला शहराचा नकाशा. बारीक बारीक चौकोन. ज्यावर बोट ठेवाल तिथल्या माणसांची माहिती समोर.

"एक दाखवू? रागावणार नाही ना?" त्याने फोनवर तो नकाशा उघडला, तळ्यामागच्या टेकडीवर बोट टेकवलं.

लोकसंख्या एक. पुरुष. वय तेहतीस. अविवाहित.

अगं बाई! दहापेक्षा कमी माणसं असतील तो चौकोन झाकायचा, म्हणजे कुणी ओळखू येत नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. नकाशातल्या चौकोनांची शेवटची ओळ झाकायची मी चक्क विसरले होते. तब्बल आठ महिने!

"कोण असेल बिचारा," मी पुटपुटले.

"मी."

"काय?"

"टेकडीवर एकच घर आहे. माझं." तो हसला. "लेख आल्यावर तीन विवाह मंडळांची पत्रं आली. वयसुद्धा बरोबर!"

मला हसू येईना. "आणखी काही झालं?"

"जाऊ द्या हो."

"सांगा!"

"एके दिवशी दुपारी कुणीतरी कुलूप तोडून शिरलं... घरात एकटाच माणूस, तो कामावर जाणार. पण ते नकाशामुळेच असं कशावरून?"

"आणि तरी हाच लेख निवडलात?"

"एकटं राहणाऱ्याची कीव करू नका, असं लिहिलंत तुम्ही. आजवर कुणी लिहिलं नव्हतं." त्याने आवाज खाली आणला. "गुपचूप झाकून टाका. मी कुणाला सांगत नाही."

सोपं होतं. उद्या माझा लेख यादीत आला असता. पण पाय थेट संपादक ताईंच्या टेबलाकडे वळले. एका दमात सगळं सांगून टाकलं. ताईंनी आधी चौकोन झाकायला लावला, मग माफीची टीप लिहायला लावली, आणि म्हणाल्या, "लेख यादीतून बाद." चूक माझीच होती, तरी डोळे भरून आले.

वळले तर तो मागेच उभा. "कशाला सांगितलंत? मी सांभाळून घेतलं असतं ना!"

"तुमच्या घरात चोर शिरला आणि मी इथे मिरवू?" माझा बांध फुटला तो फुटलाच. "आणि खरं सांगू? तुमचं लग्न झालेलं नाही हे वाचलं, तेव्हा एवढ्या धसक्यातही मला आनंद झाला. शरम वाटते, पण झाला. मला तुम्ही आवडता!"

त्याच्या हातातली पानं जमिनीवर. टायपिंगचा आवाज बंद. ताई पेन धरून तशाच बसलेल्या.

तो मटकन खुर्चीत बसला. "पाणी..."

ताईंनी आपली बाटली पुढे केली. ती अर्धी रिकामी करून त्याने माझा हात धरला — सगळ्यांदेखत!

"मलाही... म्हणजे तू... पहिल्या दिवसापासून," तो कसाबसा म्हणाला. "पण एक अडचण आहे."

"कसली?" माझा जीव टांगणीला.

"आईला हे कसं सांगायचं मला कळत नाही. तूच सांग ना... आत्ता सांगितलंस तसं."

मी हसले. मला वाटलं, थट्टा करतोय. पण या बहाद्दराने खरोखरच फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"हॅलो," पलीकडून आवाज आला, "कोण बोलतंय?"