रक्तातलं पांढरं

सूर्यभानच्या हिरड्यांतून पुन्हा रक्त येऊ लागलं, तेव्हा वलगावच्या जानराव पाटलानं त्याच्या बायकोला, कौशल्येला, ओसरीवर बसवून ठेवलं आणि अमरावतीहून सरकारी डॉक्टर मोरोपंतांना बोलावणं धाडलं. नवरा दगावला, तर तिला फाशी ठरलेली.

"वयनीनं इख घातलं!" धाकटा भाऊ चंद्रभान सांगत सुटला होता, आणि गावाला तेवढंच हवं होतं.

"तुम्ही पाहिलं?" मोरोपंतांनी विचारलं.

"मी कायले पाहू? वाटण्या झाल्यापासून यायच्या घरात पाय नाई टाकला मी."

पंतांनी रोग्याचं पोट चाचपलं. डाव्या कुशीत पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजून दगडासारखी लागली. "हे कधीपासून?"

"गेल्या कापूस वेचणीपासून," कौशल्या म्हणाली. "तवापासून पांढरे पडून राहिले."

पंतांनी रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि पितळी सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. बाहेर येऊन ते एवढंच म्हणाले, "पाटील, पांढरं फार सापडलं."

चंद्रभान उसळला. "सोमलच तो, पांढरं इख! उतरंडीतलं तिसरं मडकं पाहा!"

पाटलानं मडकं उपडं केलं. आतून पांढऱ्या भुकटीची पुडी पडली.

कौशल्या ओरडली, "मले नाई ठाऊक जी!"

"तुम्हाला नाहीच ठाऊक, बाई." पंतांनी चंद्रभानकडे बोट केलं. "पाटील, रक्तात तांबडे कण असतात, ते राबणारे. पांढरे थोडे, ते गावात पहारा देणाऱ्या जागल्यासारखे, रोगाला अडवणारे. इथे बघावं तिकडे जागलेच. मग शेत कोणी करायचं? हा रक्ताचाच रोग आहे, विष नव्हे. मी मुद्दाम अर्धं बोललो. सोमलाचं नाव यानं घेतलं. घरात पाय न टाकता मडकंही यालाच ठाऊक!"

"पन कावून केलं यानं?" पाटलानं विचारलं.

"विलायत कापूस मागू लागली, भाव चढले, तसा भावाच्या जमिनीवर याचा डोळा गेला. भाऊ जाणार हे दिसत होतं. मागे राहणारी विधवा तेवढी आड येत होती."

चंद्रभान दाराकडे सरकला. पाटलानं त्याचं बखोट धरलं.

कौशल्या रडत पंतांच्या पाया पडली. "इख नाई ना जी? मंग हे बरे होतीन नं?"

पंतांच्या हातात ती काच तशीच होती.

"नाही, बाई," ते म्हणाले. "विष असतं, तर उतारा तरी दिला असता."