निळ्या उजेडाकडे न वळलेल्या गोगलगायी

"नाही वळत..." शेजारच्या खुर्चीवरचा लंबू पुटपुटला आणि तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

व्यासपीठावर वक्ते चांगलेच रंगात आले होते. निळा उजेड दाखवून खायला दिलं, की पुढे नुसत्या निळ्या उजेडाकडेही गोगलगायी वळतात — हे त्यांच्या विषयातल्या सर्वांत मानाच्या जर्नलने छापलं आणि सगळे त्याच वाटेला लागले. तीही लागली. तीन वर्षं काचेच्या पेट्या पुसल्या, कोबीची पानं चिरली, पण तिची एकही गोगलगाय वळली नव्हती. प्रयोगशाळेत तिला सगळे लाडाने 'गोगलबाई' म्हणत. हल्ली त्या हाकेनेही तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. खोट आपल्याच हातात आहे, असं तिने धरून ठेवलं होतं. परिषदेहून परतलं की प्रबंध सोडायचा, हेही ठरलं होतं.

भाषण संपताच तिने त्याला व्हरांड्यात गाठलं.

"तुम्हाला कसं माहीत? तीन वर्षांत माझी एकही वळलेली नाही."

"माझ्याही नाही वळल्या. मी तर तुमच्याही आधी करून बसलोय."

"मग लिहिलं का नाही?"

"लिहिलं ना. त्याच जर्नलकडे पाठवलं. संपादक म्हणाले, पद्धत निर्दोष आहे, पण काही घडलंच नाही, तर छापायचं काय?"

ती मटकन पायरीवर बसली. म्हणजे या माणसाला आधीच कळलेलं होतं, तेच शोधण्यात आपली तीन वर्षं पाण्यात गेली? रडावं की कुणाचा तरी गळा धरावा, तिला सुचेना. "आणि मी माझ्याच हातात खोट शोधत बसले," ती म्हणाली.

"अहो... पाणी आणू का?" तो पुरता घाबरला. मग खाली वाकून हळूच म्हणाला, "तुमच्या हातात काही खोट नाही. खरंच."

तेवढं ऐकून ती रडलीच. इतक्यात चहाचा कप सांभाळत जाणाऱ्या एक पांढऱ्या केसांच्या प्राध्यापिका थबकल्या.

"निळा उजेड ना? आमच्याही नाही वळल्या हो," म्हणाल्या आणि चालू लागल्या.

दोघं आ वासून एकमेकांकडे बघत राहिले.

प्रबंध सोडायचं बारगळलं. दोघांनी मिळून शोधनिबंध लिहायला घेतला. रोज फोन — आधी आकडे, मग 'जेवलीस का', मग नुसतंच... फोन ठेववत नाही म्हणून. शेवटी त्याच मानाच्या जर्नलचं उत्तर आलं. शब्दही तेच — काही घडलंच नाही, तर छापायचं काय?

ते ऐकून तो थेट तिच्या प्रयोगशाळेत येऊन थडकला.

"एक सांगू? चिडू नकोस," तो पेटीतल्या गोगलगायींकडे बघत म्हणाला. "तेव्हा माझं छापून आलं असतं, तर तू हा विषय घेतला नसतास... मला भेटली नसतीस. त्या संपादकांवर मला धड रागावताही येत नाही."

तिचे कान तापले. तरी तिने कॉम्प्युटर पुढे ओढला आणि दुसऱ्या जर्नलचं पान उघडलं.

"मला येतं. हे कुठेतरी छापून आणायचंच," ती म्हणाली. "नाहीतर उद्या आणखी कुणीतरी तीन वर्षं वाया घालवेल आणि व्हरांड्यात तुला गाठेल. ते मला अजिबात चालणार नाही."