काट्यांविना ताट

"त्या सिस्टरनं माझ्या आईला मारलं. मला ती तुरुंगात गेलेली बघायचीय," खुर्चीत बसायच्या आधीच विदोसावा म्हणाली.

गुप्तहेर मिलेवा तिंतोरनं तिच्यापुढे कॉफी सरकवली. मिलेवाचा दीर ओब्राद तिची गाडी चालवायचा आणि न विचारता भलतेच निष्कर्ष काढायचा.

विदोसावाची आई स्तामेना मधुमेही. गुड फ्रायडेच्या दुपारी गावच्या रुग्णालयात इन्सुलिन घेऊन ती झोपली, ती उठलीच नाही. रक्तातली साखर पार उतरली होती.

"डोस जास्त दिला, दुसरं काय!" ओब्राद वाटेत म्हणाला.

"तू पुढे बघून गाडी चालव."

सिस्टर बिसेर्काचे डोळे रडून रडून सुजले होते. तिला कामावरून काढलंच होतं, आता खटलाही उभा राहणार होता. "डोस रोजचाच होता हो, बाई. दुसऱ्या सिस्टरनंही तपासला. स्तामेनाबाई कधी जेवत, कधी नाही. म्हणून ताट रिकामं दिसल्याशिवाय मी सुई टोचतच नसे. त्या दिवशी ताट चकाचक होतं."

ताटं उचलणारी यागोदा म्हणाली, "अख्खा मासा होता. बाकीच्यांनी काट्यांचे ढीग ठेवले. म्हातारीच्या ताटात एक काटा नाही!"

"भूक लागली असेल," ओब्राद म्हणाला.

फाटकावरचा रखवालदार हसला. "जेवणाच्या वेळी म्हातारीची मुलगी आली होती ना. आमच्या मांजरांची चैन झाली. मग ती चर्चला गेली."

मिलेवा मात्र हसली नाही. तिनं विदोसावाला रुग्णालयात बोलावून घेतलं आणि बिसेर्काच्या समोर बसवलं. हे बोलणं तिला अगदी नकोसं वाटत होतं.

"काटे गिळून कोणी जेवत नाही," ती म्हणाली. "विदोसावा, गुड फ्रायडेला तुमच्या घरात कोण जेवतं?"

"कोणीच नाही, कडक उपास असतो. आई तर पाण्याचा घोटही..." विदोसावा थांबली.

"म्हणून मासा मांजरांना गेला. डोस बरोबरच होता, पण जेवलेल्या बाईसाठी. तुमची आई उपाशी होती."

विदोसावाचा चेहरा पांढराफटक पडला. "तीच म्हणाली, सिस्टर जबरदस्तीनं भरवेल, गुपचूप घेऊन जा. सुईचा नि जेवणाचा संबंध मला काय माहीत! म्हणजे मीच मारलं तिला."

"नाही गं," बिसेर्का म्हणाली. "मी ताट बघितलं, त्यांना विचारलं नाही. एका शब्दाचं काम होतं."

ओब्राद खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"शेवटी काही म्हणाली का ती?" विदोसावानं विचारलं.

"झोपेत तुला हाक मारत होत्या. मी म्हटलं, चर्चला गेलीय, येईल आता. झोपा तुम्ही."

विदोसावानं बिसेर्काचा हात घट्ट धरला. "तिला बरं वाटू दे, एवढंच मागत होते मी तिथं."