उघड्या हातानं

सोमवारी आमच्या गल्लीत आभाळ दिसत नाही, चादरी दिसतात. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, दोऱ्यांवर खलाशांचे सदरे, खानावळीतले अभ्रे, आणि या सगळ्यावर धूर. गोदीकाठच्या आमच्या शॅडवेलमध्ये धूर फुकट मिळतो. इथं पांढरं धुणं पांढरंच दोरीवरून उतरवून दाखवावं आणि मग माझ्याशी बोलायला यावं.

गल्लीच्या टोकाचं धुणंघर माझं. तांब्याचा हंडा कधी पेटवायचा, नीळ किती घालायची, कुठली बाई कुठल्या टबाशी उभी राहणार, हे मी ठरवते. मी, थर्झा प्लकरोज, एकदा नाही म्हटलं की पाद्रीसुद्धा दुसऱ्यांदा विचारत नाही.

मेलेल्यांना शेवटची आंघोळ घालायचं कामही माझंच. मूल यायचं असेल तर डीलिया कोलगनला हाक मारतात, माणूस गेलं की मला. मी आंघोळ घालते, हनुवटी बांधते, केस विंचरते. मग प्रेत पुढच्या खोलीत ठेवतात आणि गल्लीतला प्रत्येकजण येऊन त्याच्या कपाळावर उघडा हात ठेवून जातो. लहान पोरांनाही उचलून हात लावायला लावतात. हात लावला की गेलेलं माणूस तुमच्याकडे परत येत नाही, झोपेत नाही आणि जागेपणी नाही. न लावता घरी गेलात तर तुमचं तुम्ही बघा. माझी आजी आणखी एक सांगायची. मारणाऱ्याचा हात लागला तर प्रेताच्या नाकातून रक्त येतं.

त्या हिवाळ्यात मी तीन बायकांना आंघोळ घातली, ज्या आपल्या मरणानं गेल्या नव्हत्या. एक पालेभाजी विकायची, एक काड्यापेट्या चिकटवायची, तिसरी काय करायची ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते बोलायचं मेलेल्या बाईसमोर काही कारण नाही. तिघी ओहोटीला नदीच्या पायऱ्यांवर सापडल्या. गळ्यावर बोटांचे वळ. केस ओले, पण नीट विंचरलेले, मधोमध सरळ भांग. नदी माणसाला चिखल देते, शेवाळ देते. भांग पाडून देत नाही.

पलीकडे व्हाइटचॅपलमध्ये एकानं बायका कापल्या तेव्हा वर्तमानपत्रं नुसती नाचत होती. आमच्याकडच्याला कुणी साधं टोपणनावसुद्धा ठेवलं नाही.

चौथी डॉर्कस. माझी.

खाडीपलीकडच्या कप्तानाचे इस्त्रीचे सदरे पोचवायला गेली होती. सदरे पोचले. ती पायऱ्यांवर सापडली, मधोमध भांग पाडलेली. माझी पोर जन्मभर डावीकडे भांग पाडायची, मधल्या भांगानं नाक मोठं दिसतं म्हणून.

तिला आंघोळ मी घातली नाही. डीलियाला बोलावलं. बाई चपापली.

"थर्झा, अख्ख्या गल्लीचे मुडदे धुतलेस आणि पोटच्या पोरीला परका हात?"

"घाल म्हटलं ना."

"निदान कपाळाला तरी हात लाव. अगं, नाहीतर येत राहील ती."

"येऊ दे," मी म्हटलं. "मला तिला एक विचारायचंय."

डीलियानं छातीवर क्रूस काढला आणि बाह्या वर सारल्या.

मी डॉर्कसच्या उशाशी उभी राहिले, दोन्ही हात एप्रनखाली बांधून. गल्ली एकामागून एक आली. खाटीक, कोळसेवाला, गुत्त्याचा मालक, पोलिसातला सार्जंट पाइकसुद्धा. मी कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही. कपाळावरचा हात बघायचा आणि तिचं नाक बघायचं. डीलियानं लेटीला पुढं आणलं. लेटी म्हणजे डॉर्कसची मुलगी, तेव्हा जेमतेम बोलायला लागलेली. डीलियानं आधी तिचे लाल लोकरी हातमोजे ओढून काढले, मग तिला उचलून तिचा तळहात आईच्या कपाळावर टेकवला.

शेवटी अँब्रोज, माझा जावई. हा माणूस मी निवडला होता. दारूच्या थेंबाला शिवत नसे, आवाज चढवत नसे, नखं सदैव स्वच्छ. शवपेट्यांच्या दुकानात खांदेकरी होता. तिन्ही बायकांना त्यानंच खांदा दिला होता आणि आता बायकोलाही देणार होता, म्हणून कामाच्याच कपड्यांत होता. काळा कोट, काळी टोपी, काळे हातमोजे. त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला तो बराच वेळ उचलला नाही.

कुणाच्याही हातानं रक्त आलं नाही.

पुढच्या सोमवारी ती आली.

हंडा उकळत होता. वाफ इतकी की समोरची भिंत दिसेना. बायका बाहेर दोऱ्या बांधत होत्या. साबणाच्या वासात मला ओहोटीचा वास आला, गाळाचा. मला वाटलं, कुणीतरी दार उघडं टाकलंय. वळले तर कपडे पिळायच्या रुळांजवळ कुणी उभं होतं, पाठमोरं. केसांतून पाणी ठिबकत होतं. तिची पाठ मला ओळखायला लागत नाही.

"डॉर्कस," मी म्हटलं, "कोण होता?"

ती वळली नाही. मला एवढं कळलं की ती दाराकडे बघत होती.

वाफ विरली तेव्हा फरशी ओली होती. धुणंघराची फरशी ओलीच असते, म्हणून मी कुणाला बोलले नाही.

त्यानंतर दर सोमवारी. नेहमी पाठमोरी, नेहमी दाराकडे तोंड. मी विचारायची, ती उभी असायची. कधी रागवायची मी. एकदा तर म्हटलं, "लहानपणी तोंड मिटत नव्हतं तुझं, आणि आता मोठी मुकी झालीयेस!" बोलून गेले आणि मग हंड्याच्या कठड्याला धरून उभी राहिले.

मी सार्जंट पाइककडे गेले. तो चौकीत वाफवलेली वाम खात बसला होता.

"बाई, नदीकाठी रोज कुणी ना कुणी मरतं," तो म्हणाला.

"भांग पाडून?"

"बायका नटतात."

"तुझी बायको नटते का पाण्यात उडी मारायला जाताना? चौघी आहेत, सार्जंट. एकाचं नाव दे मला. फक्त एक नाव."

त्यानं काटा बाजूला काढला. "नाव असतं तर तुम्ही यायच्या आधी मी त्याला टांगलं असतं. घरी जा. नातीकडे बघा."

नातीकडेच तर बघत होते. लेटी माझ्या घरात वाढत होती, तिच्या बापाच्या मांडीवर. ज्यानं तिची आई नेली तो याच गल्ल्यांतून फिरत होता, तिच्याकडे बघून हसत असेल, तिला साखर देत असेल. नाव कळल्याशिवाय मी तिला कुणापासून लपवणार होते?

अँब्रोज सोमवारी धुणंघरात येत नसे. लेटीला दारातूनच हाक मारी. मी म्हणायची, बायकोच्या आठवणीनं जीव गलबलत असेल. एका सोमवारी मात्र दुपारचं खाणं त्याला मीच आत बोलावून दिलं. बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं, दारात किती वेळ उभा ठेवणार? त्यानं बाकावर बसून पाव संपवला, चहा अर्धा सोडला आणि उठला. दारापर्यंत गेला आणि थांबला.

त्यानं दार धरलं. टोपी काढली आणि भिंतीला लागून बाजूला झाला, टोपली घेतलेल्या बाईला वाट द्यावी तसा.

दारात कुणी नव्हतं.

म्हणजे मला कुणी दिसलं नाही. रुळांजवळची जागा मात्र रिकामी झाली होती. आत्तापर्यंत डॉर्कस तिथंच उभी होती.

मी टबात हात घालून उभी राहिले. त्याला ती दिसते. पण त्यानं तर हात लावला होता. सगळ्यात शेवटी, सगळ्यात जास्त वेळ. माझ्या डोळ्यांदेखत.

काळा हात. काळं कातडं.

उघडा हात लावलाच नव्हता त्यानं.

आणि तो अजून दार धरून होता. एक बाई जायला लागतो त्याहून जास्त वेळ. त्याची नजर हळूहळू एकीमागून दुसरीकडे, दुसरीमागून तिसरीकडे सरकत होती. चौथी गेल्यावर त्यानं टोपी घातली. पहिल्या तिघींना आंघोळ मीच घातली होती, मला त्या दिसणार नव्हत्या.

संध्याकाळी तो चुलीपाशी लेटीचे बूट पुसत बसला होता. हातमोजे गुडघ्यावर घडी करून ठेवलेले. लेटी डीलियाकडे होती. मी दार लावलं.

"अँब्रोज, तू तिला उघडा हात का लावला नाहीस?"

तो बूट पुसत राहिला. "तुम्ही तरी कुठं लावलात, आई?"

"मला ती यायला हवी होती."

"मलाही."

एवढं साधं म्हणाला तो. त्याचे डोळे भरून आले होते. माझं मन तिथंच वितळलं असतं. त्याला जवळ घ्यावं, दोघांनी मिळून रडावं, इतकं सोपं होतं. तिच्या मरणानंतर मी रडले नव्हते.

पण मी चार मोजल्या होत्या.

"आणि बाकीच्या तिघी?" मी म्हटलं. "त्याही तुला हव्या होत्या?"

त्यानं बूट खाली ठेवला.

खांदेकऱ्याला हातमोजे काढायला कुठं वेळ असतो, असं तो म्हणू शकला असता. मी मानलं असतं. पण म्हातारा कोळसेवाला महिन्यापूर्वी गेला, त्यालाही अँब्रोजनंच खांदा दिला होता, हातमोजे घालूनच. त्याच्यासाठी त्यानं कधी दार धरलं नव्हतं, म्हणजे त्याच्या कपाळापुरते तरी ते काढले होते.

तो चुलीपासून उठला.

एकेक बोट नीट बसवत त्यानं हातमोजे घातले आणि बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला तो पायऱ्यांवर सापडला. टोपी शेजारी, टोपीत हातमोजे. केस ओले. अँब्रोज केस मागे फिरवायचा. कुणीतरी ते विंचरून मधोमध भांग पाडला होता.

"बायको गेल्यापासून खचला होता," सार्जंट पाइक म्हणाला. "नदीनं नेला."

"आणि भांग?"

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. चौघींना नेणारा पाचव्याकडे वळला, की चौघीच आपल्याला मारणाऱ्याकडे आल्या? कुठल्या न्यायाधीशाला विचारायचं हे?

त्याला आंघोळ घालायला मी डीलियाला बोलावलं नाही. त्याला टेबलावर घेतलं, दार लावलं, आणि टॉवेल हातात घेऊन कितीतरी वेळ नुसती उभी राहिले. हात लावला नाही तर तो येईल. मी विचारेन, आणि तो कदाचित बोलेल. कुणाचं तरी नाव घेईल. स्वतःचं घेईल. पण येईल तो याच घरात, लेटीच्या खोलीत. तो मारणारा असला तर?

आणि नसला तर मी त्या बिचाऱ्याला शेवटच्या संध्याकाळी काय विचारलं होतं?

मी उघडा हात त्याच्या कपाळावर ठेवला. दोन्ही हात ठेवले. रक्त आलं नाही. माझ्या हातानं का यावं? मग केस मागे फिरवले, त्याला आवडायचे तसे. नाव कळायचं तिथंच संपलं. मी स्वतः संपवलं.

गल्ली आली, हात लावून गेली. थंडी अशी होती की खिडकीला आतून बर्फ धरलं होतं. लेटी रडत होती, बाबा उठत नाही म्हणून. डीलिया म्हणाली, "दे, मी उचलते." मी म्हटलं, "माझ्या नातीला मी उचलीन." उचललं, तिचा हात बापाच्या कपाळावर टेकवला, आणि डोळे पुसत मागे फिरले.

पुढं आमच्या काठावर तसं कुणी सापडलं नाही. नदीपलीकडे एकदा एक बाई सापडली म्हणे. तिच्या केसांचं कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

लेटी आता सोमवारी माझ्याबरोबर धुणंघरात असते. हंड्याजवळ तिचं छोटं स्टूल आहे, ऊब लागते म्हणून. मागल्या महिन्यात तिथं बसल्या बसल्या तिला डुलकी लागली. जागी झाली तर केस ओले होते.

"वाफेनं," डीलिया म्हणाली.

मधोमध भांग होता.

"कुणी विंचरलं गं तुला?" मी विचारलं.

"बाबांनी," ती म्हणाली, जणू मीच खुळी.

मी तिला जवळ ओढलं. "वेडे, बाबांना तू हात लावलास ना? मी उचललं होतं ना तुला?"

तिनं नाही म्हणून मान हलवली आणि आपले दोन्ही हात मला दाखवले, समजूत घालावी तसे. लाल लोकरी हातमोजे. मीच विणलेले. बापापाशी उचललं तेव्हाही हेच हातात होते. त्या दिवशी ते काढायला डीलियाला सुचलं असतं.

तेव्हापासून मी सोमवारी तिच्यापासून हातभर लांब जात नाही. मला तो दिसत नाही. कधी दिसणारही नाही, ते दार मी दोन्ही हातांनी लावून घेतलंय. मला फक्त डॉर्कस दिसते. ती आता रुळांजवळ नसते. लेटीच्या स्टुलापुढं उभी असते, पाठ माझ्याकडे, दोन्ही हात पसरून, समोरच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून. इतके सोमवार ती तशीच उभी होती.

आज ती हलली. हात खाली घेतले आणि भिंतीला लागून बाजूला झाली, अरुंद बोळात कुणाला वाट द्यावी तशी.

लेटीनं मान खाली घातली, भांग पाडून घेताना घालतात तशी.