उदाहरणादाखल : सोल्वेग आहो, ४ब

माझं काम यंत्राला कळेल असं लिहिण्याचं. अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या बावीस इमारतींचा कारभार आमच्या कंपनीचा एक एआय एजंट बघतो. त्याला आम्ही कारभारी म्हणतो. त्याच्या हाताशी सोळा अवजारं : गरम पाणी चालू करा, प्लंबर बोलवा, बर्फ उपसायला माणूस पाठवा. अवजाराच्या आत काय आहे ते कारभाऱ्याला दिसत नाही. तो फक्त मी लिहिलेलं वर्णन वाचतो आणि त्यावरून कुठलं उचलायचं ते ठरवतो. एकदा मी 'पाणी बंद करा'च्या वर्णनात 'गरज पडल्यास' असं लिहिलं होतं. त्याला दिवसभर गरज पडत होती.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी यादीत सतरावं अवजार दिसलं. नाव : मोकळे_करा. वर्णनाची जागा कोरी.

"हे कोणी घातलं?" मी शेजारच्या टेबलावरच्या सोल्वेगला विचारलं. कोड हा तिचा प्रांत.

तिने उघडून पाहिलं. "आत काहीच नाहीये रे. एक ओळसुद्धा नाही. नुसतंच नाव."

"म्हणजे आपल्या गॉर्डनसाहेबांसारखं."

"हळू बोल. मागे उभे आहेत."

खरंच होते. "वर्णन नाही म्हणून ते वापरलं जात नाहीये," आमचे साहेब म्हणाले. "लिहून टाक, एमेट."

मी लिहिलं : रहिवाशाला घरातून मोकळे करते. खाली एक उदाहरण द्यावंच लागतं, त्याशिवाय वर्णन जतन होत नाही. मी एक खोटं नाव घातलं. यंत्राने ते घेतलं नाही : 'अशी व्यक्ती आढळली नाही.'

"माझं घाल," सोल्वेग म्हणाली. ती आमच्याच एका इमारतीत राहायची. "बाईचं नाव कुठेतरी झळकू दे."

घातलं. 'केव्हा वापरू नये' ही ओळ जेवण झाल्यावर लिहिणार होतो. जेवणात खिम्याचा मीटलोफ होता. राहून गेलं.

कारभाऱ्याला नाव मिळालं नाही, की तो उदाहरणातलंच उचलतो. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा. नवीन लोकांना तो मीच शिकवतो.

बुधवारी तिच्या टपालपेटीवरची नावाची पट्टी कोरी झाली. गुरुवारी ती कालच्याच कपड्यांत आली. "घराला चावी लागेना. बहिणीकडे गेले. थंडीने होतं असं कधीकधी."

शुक्रवारी ऑफिसचं दार तिच्या कार्डाने उघडेना. मी आतून उघडलं. गॉर्डनसाहेब डोनटचा खोका फिरवत होते. खोका तिच्यासमोरून तसाच पुढे गेला.

"साहेब, सोल्वेगला?"

"कोणाला?" म्हणत त्यांनी आपला ओला कोट तिच्या खुर्चीवर टाकला.

ती खुर्चीत बसलेली होती.

मी नोंदी उघडल्या. मोकळे_करा, तीन वेळा. व्यक्ती : सोल्वेग आहो. उत्तरं : झाले. झाले. थोडे बाकी.

"एमेट," ती कोटाखालून म्हणाली, "ते नाव काढ. आत्ता."

काढलं. कोरं उदाहरण चालेना. तिच्या जागी कोणाला घालायचं? माझी बोटं 'गॉ'पर्यंत गेली होती, खोटं कशाला बोलू. पुढे गेली नाहीत. मी तिचंच नाव परत घातलं आणि राहिलेली ओळ लिहिली. केव्हा वापरू नये : ती व्यक्ती कोणाच्याही लक्षात असेल तर.

जतन झालं. सोल्वेगने कोट बाजूला सारला.

"मग लक्षात ठेव हां," ती म्हणाली. "तुझा काही भरवसा नाही. माझ्या वाढदिवशी मला हॅपी ईस्टर म्हणाला होतास."

शनिवार-रविवार मी तिचं नाव घोकलं. दात घासताना, तळ्यावर मासे पकडणाऱ्यांकडे बघताना. फ्रिजवर लिहून ठेवलं.

सोमवारी खुर्चीवर नुसता कोट होता.

मला मात्र सगळं आठवत होतं. तिचे वेगवेगळ्या रंगांचे हातमोजे, कॉफीत तीन चमचे साखर. मग हे झालंच कसं?

मी वर्णन उघडलं.

माझी ओळ कोणीतरी सुधारली होती. बदल करणाऱ्याच्या रकान्यात काहीच नव्हतं.

'ती व्यक्ती कोणाच्या लक्षात असेल, तर त्यालाही मोकळे करावे.'

वाक्य स्वच्छ होतं. दोन अर्थ निघत नव्हते. मला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

संध्याकाळी माझ्या घराला चावी लागेना.

थंडीने होतं असं कधीकधी.