हजाराने भागलेली पाळी

नम्रता त्या शुक्रवारी सावर्ड्याहून कंपनीच्या बसने लोट्याला निघाली, ती अगदी फुटकळ कामाला. एका अहवालात काही तारखा चुकीच्या उमटत होत्या. त्या काढायच्या, कागदावर सही करायची आणि साडेपाचच्या बसने घरी परतायचं. आईला ती सांगून निघाली होती की संध्याकाळची भाकरी मी येऊन थापेन.

आता तारखा चुकतात म्हणजे काय, ते आधी ऐकून घ्या, नाहीतर पुढचं ध्यानात यायचं नाही. संगणकाच्या पोटात तारीख-बिरीख काही नसते. असतो फक्त एक भलामोठा आकडा: एक जानेवारी एकोणीसशे सत्तरपासून किती वेळ उलटला. कोणी तो सेकंदांत मोजतं, कोणी सेकंदाच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलिसेकंदांत. एकातून दुसऱ्यात जाताना हजाराने भागायचं किंवा गुणायचं, एवढंच काम. पण ते विसरलात तर तारीख पन्नास हजार वर्षं पुढे पळते, आणि चुकून दोनदा भागलंत तर पाय घसरून थेट सत्तर सालच्या जानेवारीत पडते. शिकल्यासवरल्या माणसांची इथे रोज गाळण उडते, आणि वर तोंड करून म्हणतात, किरकोळ चूक आहे.

नम्रता असल्या चुका हुडकण्यात तरबेज होती. लोट्याच्या त्या रसायनांच्या कारखान्यातली यंत्रं चालवायला तिच्या कंपनीने एक छोटीशी प्रोग्रॅमिंगची भाषा केली होती, आणि त्या भाषेतला वेळेचा सगळा भाग तिने एकटीने लिहिलेला होता.

गेटवर एक बाई उभी होती. हातात पिशवी, पायात धुळीने माखलेल्या चपला.

"ताई, तुमी कंपूटरवाल्या ना? मी गोदा. भिकाजीची बायको."

नम्रता जागीच थांबली.

"तो चौकशीचा कागद आज बंद करतायत म्हनं. त्यात येक ओळ हाय, सायरन बंद करून झोपला म्हनून. तेवढी काडून टाका. मना दुसरा काय नको. गावात मानसा तोंडावर बोलतात, झोपला म्हनून मेला. माजा नवरा कामावर झोपनारा नव्हता."

"बघते," नम्रता म्हणाली आणि खाली मान घालून आत गेली.

बघण्यासारखं काही नव्हतं. भिकाजी झोपला नव्हता, हे या जगात एकट्या नम्रताला पक्कं ठाऊक होतं. चौथ्या माळ्यावर टाक्यांपाशी एकट्याने काम करणाऱ्या माणसाने दर पंधरा मिनिटांनी एक हिरवं बटण दाबायचं, म्हणजे तो शुद्धीवर आहे हे कळतं. नाही दाबलं तर तीस सेकंद थांबून सायरन वाजायचा. मार्चच्या तीन तारखेला भिकाजी सात वाजता पहिल्या पाळीवर चढला. पावणेदहाच्या सुमारास टाकीतून वायू सुटला आणि तो कोसळला. सायरन वाजलाच नाही. तीन वाजता बदलीवर आलेल्या रावजीला तो सापडला, तोवर सगळं संपलेलं. आणि मग संध्याकाळी सहाच्या पुढे, माळ्यावर कोणीही नसताना, सायरन बोंबलायला लागला. लोकांना वाटलं, कोणीतरी आत्ता चालू केला असेल. नम्रताने मात्र बोटांवर हिशोब केला. तीस सेकंदांचे तीस हजार मिलिसेकंद. तिच्या नव्या दुरुस्तीनंतर भाषा तोच आकडा सेकंद समजून बसली होती. तीस हजार सेकंद म्हणजे आठ तास वीस मिनिटं. त्या रात्री घरी बसून तिने ती ओळ गुपचूप सुधारली, आणि तोंड शिवून घेतलं.

आज त्याच कागदावर तिची सही हवी होती, की यंत्रणेत दोष नव्हता.

हजेरी नोंदवायच्या टाइम ऑफिसात आता रावजीच बसायचा. त्या दिवसानंतर त्याने माळ्यावर चढायला साफ नकार दिला होता. त्याने तिला खुर्ची दिली, आणि तिने अहवालातल्या नोंदींची यादी उघडली. चुकीच्या नोंदी यादीच्या अगदी तळाशी होत्या, सत्तर साल पडल्यामुळे कोणाच्या नजरेला पडल्या नव्हत्या. एकूण एकतीस. सगळ्या एकाच तारखेच्या, एकवीस जानेवारी एकोणीसशे सत्तर. सगळ्या चौथ्या माळ्याच्या हिरव्या बटणाच्या.

"रावजीदादा, चौथ्या माळ्यावर कोण असतं हल्ली?"

"कोन नसता. ता माळा मार्चापासना बंद हाय. बटनाची वायर पन तोडलेली हाय."

नम्रताला वाटलं, कुठेतरी दोनदा भागलं जातंय. तिने आपला कोड वरपासून खालपर्यंत वाचला. भागाकार एकदाच होता, आणि बरोबर होता. मग तिने नोंदी एकमेकींशेजारी लावल्या. आतल्या घड्याळाप्रमाणे प्रत्येक नोंदीत बरोबर पंधरा मिनिटांचं अंतर. आणि त्या प्रत्यक्षात इथे येऊन पोचल्या त्या वेळांत मात्र दहा दिवस दहा तासांचं. तिने कॅल्क्युलेटरवर गुणून पाहिलं. पंधरा मिनिटांच्या हजारपट म्हणजे दहा दिवस दहा तास.

कोडमध्ये चूक नव्हतीच. वर कोणीतरी इमानेइतबारे दर पंधरा मिनिटांनी बटण दाबत होतं, फक्त त्याचं एक मिनिट म्हणजे आपली हजार मिनिटं होती. तीन मार्चला सकाळी सात वाजता त्याची पाळी सुरू झाली होती. आठ तासांची पाळी, गुणिले हजार. तीनशे तेहतीस दिवस, आठ तास. नम्रताने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. जानेवारीची तीस तारीख. पाळी आज सुटत होती, दुपारी तीन वाजता.

घड्याळात अडीच झाले होते.

तिने रावजीला सांगितलं. सगळं नाही, नोंदींचं तेवढंच. वाटलं होतं, तो हसेल. तो हसला नाही.

"तो जागा सोडायचा नाय, ताई," तो हळूच म्हणाला. "बदलीचा मानूस आल्याबिगर माळा सोडायचा नाय, आमची रीतच तशी. त्या दिवशी मी आलो, पन चार्ज घेतलाच नाय ना. नुसता वरडत खाली धावलो..."

"चार्ज घ्यायचा म्हणजे काय करायचं?"

"बटनावर दोघांचा हात. मग विचारायचा, खोट काय? ज्याला मशिनीतली जी खोट म्हाईत असल, ती त्यानं तोंडानं बोलायची. मग पयला हात काडतो. खोट लपवून चार्ज दिला-घेतला तर खाली उतरतो तो आपला मानूस नसतो म्हनतात. तसा कोन करीत नाय."

नम्रता उठली. मनात एक विचार घट्ट बसला होता: आज बोलून टाकावं. जिवंत माणसांसमोर तोंड उघडत नाही, तर निदान त्याच्यासमोर. तिथे एकदा उच्चारलं की खाली येऊन गोदाला सांगायला बळ येईल. रावजी जिन्याच्या पायथ्याशी थांबला, वर यायला तयार होईना.

लोखंडी जिना उन्हाने तापलेला होता. तिसऱ्या माळ्यापर्यंत पंपांची घरघर कानांत भरलेली होती. चौथ्याच्या शेवटच्या पायरीवर ती घरघर एकदम थांबली, कोणी दार लावल्यासारखी. परशुरामचा घाट उतरताना बसतात तसे कानांना दडे बसले. नेलपॉलिशच्या बाटलीसारखा गोडसर उग्र वास येत होता. अकरा महिने बंद असलेल्या जागेत तो वास अजून कसा, हे तिला कळेना.

टाकीशेजारी खांबावर ती पेटी होती. तुटलेली वायर खाली लोंबत होती. पेटीपासून हातभर अंतरावर हवेत एक माशी होती. ती उडत नव्हती, पडतही नव्हती. नम्रता तिच्याकडे बघत राहिली, तेव्हा दिसलं की तिचा एक पंख वर उचलला जातोय, सावकाश, भांड्यात दही लागावं इतका सावकाश.

आणि बटण आत जात होतं.

केसाएवढं, मग आणखी केसाएवढं. वरचं हिरवं रबर मधोमध दबलेलं होतं, अंगठ्याच्या आकारात. अंगठा मात्र दिसत नव्हता. नम्रताने मोबाइलमध्ये पाहिलं. तीनला एक मिनिट कमी. तिला उलट्या पावली पळावंसं वाटलं, खरं सांगायचं तर ती अर्धी वळलीसुद्धा. पण गोदाचे धुळीने भरलेले पाय तिच्या डोळ्यांपुढे आले. तिने डोळे मिटले, पुढे सरली आणि त्या खळग्यावर आपला अंगठा ठेवला.

खाली काहीतरी होतं. गार, खरखरीत, जिवंत माणसाच्या कातडीसारखं.

"खोट... काय?"

आवाज कानाशी आला. थकलेला, सौम्य. दिवसभर उभं राहून पाय दुखत असलेल्या माणसाचा. रागाचा लवलेश नव्हता त्यात, आणि त्यामुळेच नम्रताला हुंदका आला. तिने तोंड उघडलं. सायरन माझ्यामुळे वाजला नाही. एवढंच तर म्हणायचं होतं. पण त्याच क्षणी मनात नोकरी आली, पोलीस आले, घरी एकटी असलेली आई आली. किती वेळ गेला असेल? दहा सेकंद, पंधरा सेकंद. आणि तिच्या तोंडून शब्द बाहेर पडले ते भलतेच.

"काही नाही... सगळं ठीक आहे."

अंगठ्याखालचा हात निघून गेला.

नम्रताने डोळे उघडले तर काळोख होता. समोर लोट्याच्या कारखान्यांचे दिवे लागले होते. पंपांची घरघर पुन्हा ऐकू येत होती. मोबाइलमध्ये सात वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने न ठरवताच हिशोब केला: पंधरा सेकंद गुणिले हजार, चार तास दहा मिनिटं. ती जिना धडपडत उतरली.

टाइम ऑफिसात रावजी डबा सोडून बसला होता. तिला पाहून त्याचा घास हातातच राहिला.

"ताई... तुमी परत कशा आलात?"

"परत म्हणजे? मी आत्ता उतरतेय."

"असा कसा? तीनला उतरलात ना. माज्यासमोरना गेलात, बोललात नाय काय. कागदावर सही केलीत. सायब चार वाजता घेऊन गेले." त्याने ये-जा नोंदवायचं रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. तीन वाजता बाहेर पडल्याची त्यातली सहीही तिचीच होती, शेवटच्या अक्षराखालच्या टिंबासकट.

"मी नाही केली ती," नम्रता म्हणाली. "रावजीदादा, भिकाजी झोपला नव्हता. चूक माझी होती. सायरन माझ्यामुळे वाजला नाही. गोदाताईंचा नंबर द्या मला. आत्ताच्या आत्ता."

त्याने वहीतून नंबर शोधून दिला. पलीकडे बराच वेळ रिंग वाजत राहिली, मग गोदाने फोन उचलला. नम्रताने तिला बोलूच दिलं नाही. तीस सेकंदांचं सांगितलं, आठ तास वीस मिनिटांचं सांगितलं, रात्री गुपचूप बदललेल्या ओळीचं सांगितलं. तुमचा नवरा शेवटपर्यंत जागा होता, त्याला मी मारलं, उद्या सगळ्यांसमोर हे बोलेन, असं ती रडत रडत म्हणाली. अकरा महिन्यांत पहिल्यांदा तिच्या छातीवरचं ओझं जरा हललं.

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, जोरजोरात.

"गोदाताई? ऐकताय ना?"

"ऐकते," गोदा अगदी दबक्या आवाजात म्हणाली. "पन... तुमी कुठना बोलताय?"

"कारखान्यातून."

"मग ह्या कोन? कंपूटरवाल्या ताई तर हितं हायत. दिवेलागनीला आल्या. मी म्हटला, ओळ काडली सांगायला आल्या असतील. पानी दिला, घेतला नाय. बोलत पन नायत. ताई... आल्यापासना त्यांची पापनी लवली नाय."

नम्रताने दोन्ही हातांनी फोन घट्ट धरला. समोर रावजी उभा राहिला होता.

"गोदाताई, हळू बोला. काही विचारू नका त्यांना. आधी घराबाहेर पडा. दार कुठे आहे? दाराकडे चला."

"दारातच बसल्यात त्या," गोदा म्हणाली.